लॅमिनेशन आणि एन्कॅप्सुलेशन: जुना कागद प्लास्टिकमध्ये घालण्याआधी

कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून धुळे-जळगावकडे घरोघरच्या पेट्या उघडल्या. मोडीतलं एखादं खत सापडलं की लोक थेट झेरॉक्सच्या दुकानात जातात, “लॅमिनेशन करून द्या.” कळकळीची विनंती आहे, तेवढं करू नका.

लॅमिनेशनच्या पाऊचला आतून चिकट थर असतो. मशीनच्या उष्णतेनं तो वितळतो आणि कागदाच्या तंतूंत शिरतो. पुढे कधी सोडवायला गेलात तर कागद शाईसकट सोलून निघतो. स्टँपपेपरवरचा उठावाचा शिक्का रोलरखाली चपटा होतो, आणि घडीवरचा तुकडा जरा सरकला असेल तर तसाच वाकडा कायमचा बसतो.

एन्कॅप्सुलेशन केलेला कागद दिसतो अगदी तसाच, पण दोन पॉलिएस्टर फिल्ममध्ये तो मोकळा असतो. फक्त फिल्मच्या कडा जोडतात, त्याही कागदापासून थोडं अंतर सोडून. कागदाला ना उष्णता लागते, ना गोंद. कड कापली की कागद होता तसा हातात येतो. मात्र फिल्म पॉलिएस्टरचीच हवी. पीव्हीसीची स्वस्त फाइल काही वर्षांत अक्षरं ओढून घेते.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही लॅमिनेशन झालं आहे, पण ते ॲसिटोन, सेल्युलोज ॲसिटेट फिल्म आणि टिश्यू वापरून, प्रशिक्षित हातांनी. दुकानातल्या पाऊचशी त्याचा संबंध नाही.

एन्कॅप्सुलेशननं कागदाला आधार मिळतो, त्यातलं आम्ल मात्र जात नाही. एरंडोलला पूर्वी हातकागद बनायचा. चिंध्यांच्या लगद्याचा असा जुना कागद बहुधा चिवट असतो. त्यामानानं १९४० च्या सुमाराचं गिरणीच्या कागदावरचं खरेदीखत घडीवर मोडतं, कारण त्यात बहुधा लाकडाचा लगदा आणि तुरटी-राळेची खळ असते, त्यातून आम्ल तयार होतं. असा कागद आधी जाणकाराकडून आम्लमुक्त करून घ्यावा. घरी पाण्यात बुडवू नका, शाई फुटते. फाटलं असेल तर सेलोटेप नको. गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद), हेही जाणकाराच्याच हातून. शाईचे पोपडे सुटत असतील तर एन्कॅप्सुलेशनही नको, फिल्मची स्थिरविद्युत ते उचलते. असा कागद आम्लमुक्त फोल्डरमध्ये आडवा ठेवावा.

आधीच लॅमिनेशन झालं असेल तर इस्त्री फिरवून सोडवू नका. दोन्ही बाजू स्कॅन करा आणि मेच्या उन्हापासून, पत्र्याच्या छतापासून दूर ठेवा.