गारिफुना भूमिहक्क चळवळ

मध्य अमेरिकेतील होंडुरास या देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर राहणाऱ्या गारिफुना या आफ्रिकी वंशाच्या समाजाने आपल्या सामुदायिक जमिनींसाठी चालवलेला लढा. अमेरिका खंडांतील आफ्रिकी वंशीयांचे मानवी हक्क म्हटले की मतदान, नोकरीतला भेदभाव, पोलिसी अत्याचार हे प्रश्न आधी पुढे येतात. गारिफुनांची मुख्य मागणी जमिनीची आहे, आणि ती जमीन कुणा एकाच्या नावावर नको, सबंध गावाच्या नावावर हवी, असा त्यांचा आग्रह आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरील मूळ रहिवासी आणि तिथे पोहोचलेले आफ्रिकी लोक यांच्या संकरातून हा समाज घडला. भाषा अरावाक कुळातली आणि पूर्वजपूजेचे विधी आफ्रिकी व अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे अशा दोन्ही वळणांचे. ब्रिटिशांना बेटावरची सुपीक जमीन ऊसमळ्यांसाठी हवी होती. गारिफुनांनी ती दिली नाही. त्यांचा पुढारी जोसेफ चाटोयेर १४ मार्च १७९५ रोजी मारला गेला आणि पुढच्या वर्षी प्रतिकार मोडला. हजारो माणसे बालिसो या उजाड बेटावर डांबण्यात आली. रोगराईने त्यांतली जवळपास निम्मी तिथेच दगावली. उरलेल्यांना जहाजांत कोंबून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर सोडून देण्यात आले. तो दिवस होता १२ एप्रिल १७९७. तिथून बहुतेक माणसे मुख्य भूमीवरच्या त्रुहियोकडे आणि पुढे ग्वातेमाला, बेलीझ, निकाराग्वाच्या किनाऱ्यांवर पांगली. म्हणजे या समाजाच्या इतिहासाची सुरुवातच जमीन हिरावली जाण्याने झाली आहे.

नव्या किनाऱ्यावर पुरुष मासेमारी करत आणि बायका कसाव्याची शेती. कसाव्याचे कंद किसून, पिळून, भाजून केलेली एरेबा ही भाकरी आजही गावागावांत होते. शेत पालटत राहायचे, पडीक जमिनीला विसावा द्यायचा, अशी ही पद्धत असल्याने समुद्र, वाळूचा पट्टा, खारफुटी आणि मागची शेतजमीन मिळूनच एक गाव होते. बाहेरच्याला जी जागा ओसाड वाटते, ती गावाच्या हिशेबी विश्रांती घेणारे शेत असते. या किनाऱ्यावरचे बरेचसे तंटे नेमके इथे सुरू झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी होंडुरासच्या किनाऱ्यावरील तेला शहराच्या परिसरात अमेरिकी केळी कंपन्या आल्या, पुढे ताडतेलाचे मळे आले. मोठा घाव मात्र १९९० नंतर बसला. १९८२च्या राज्यघटनेतील कलम १०७ नुसार समुद्रकिनाऱ्यापासून ४० किलोमीटरच्या पट्ट्यात परकीयांना जमीन घेता येत नाही. १९९०च्या एका कायद्याने पर्यटनासाठी नागरी क्षेत्रांत सवलत दिली. मग किनाऱ्यावरची गावे शहरी हद्दीत आणली की काम सोपे होणार, हे उघड होते.

त्रिउन्फो दे ला क्रूस या गावाच्या बाबतीत तसेच घडले. १९८९ मध्येच तेला नगरपालिकेने हद्दवाढ करून गावाची वहिवाटीची जमीन आपल्या क्षेत्रात ओढली आणि नंतर तिचे तुकडे पर्यटन प्रकल्पांसाठी खासगी लोकांना विकले. गावाला कुणी विचारले नाही. १९९३ मध्ये गावाला जमिनीच्या मालकीची जी सनद मिळाली तिच्यात परंपरागत जमिनीचा एक भागच होता. होंडुरासने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १६९ पुढे १९९५ मध्ये स्वीकारला; आदिवासी व जमातींच्या जमिनीबाबत त्यांच्याशी आधी सल्लामसलत करण्याचे बंधन त्यात आहे. १९९६ मध्ये गारिफुनांनी राजधानी तेगुसिगाल्पावर मोठा मोर्चा नेला आणि त्यानंतरच्या वर्षांत अनेक गावांना सनदा मिळाल्या. या सनदांखालची जमीन विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. पण मोजणी करून हद्दी कायम करणे आणि अतिक्रमणे हटवणे हे काम सरकारने केले नाही, आणि त्याशिवाय सनदेला फारसा अर्थ राहत नाही.

ओफ्राने ही गारिफुनांची संघटना गाऱ्हाणी घेऊन आंतर-अमेरिकी मानवाधिकार यंत्रणेकडे, म्हणजे अमेरिका खंडांतील देशांच्या सामाईक आयोगाकडे व न्यायालयाकडे गेली. तिथे कळीचा प्रश्न होता: १७९७ साली येऊन वसलेल्या लोकांना त्या भूमीवर पूर्वापार हक्क कसा सांगता येईल? याची वाट २००७ मध्येच मोकळी झाली होती. सुरिनाममधील सारामाका हे पळून गेलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज. त्यांच्या खटल्यात आंतर-अमेरिकी न्यायालयाने म्हटले की युरोपीय येण्याआधीपासून तिथे असणे ही अट नाही. जमिनीशी असलेले वेगळे सामाजिक, सांस्कृतिक व आर्थिक नाते आणि स्वतःच्या रीतींनी चालणारे जीवन यांमुळे जमातीचे हक्क मिळतात. आफ्रिकी वंशीयांच्या हक्कांच्या इतिहासात मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण ज्यांना बळजबरीने आणले त्यांना ‘तुम्ही इथले नाही’ असे सांगण्याची सोय त्याने काढून घेतली.

८ ऑक्टोबर २०१५ रोजी त्रिउन्फो दे ला क्रूस आणि पुंता पिएद्रा या दोन गावांच्या खटल्यांत न्यायालयाने होंडुरासला दोषी ठरवले. सामुदायिक मालमत्तेचा हक्क डावलला, असा निष्कर्ष काढून हद्दी ठरवून जमीन गावांच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये सान हुआन गावाच्या बाजूनेही निकाल लागला. याच सान हुआनमध्ये १९३७ साली लष्कराने गारिफुनांची कत्तल केली होती आणि वाचलेल्यांपैकी काही बेलीझला पळाले होते.

निकाल हाती असूनही माणसे सुरक्षित झाली नाहीत. १८ जुलै २०२० रोजी पोलिसांच्या तपास शाखेचा पोशाख घातलेल्या सशस्त्र लोकांनी त्रिउन्फो दे ला क्रूसच्या ग्रामसमितीचे अध्यक्ष स्नायडर सेन्तेनो आणि इतर काही तरुणांना उचलून नेले. ते परतलेले नाहीत. ‘जिवंत नेलेत, जिवंत परत द्या’ ही तेव्हापासूनची घोषणा आहे. सरकारी तपासावर विश्वास नसल्याने ओफ्रानेने स्वतःची शोधसमिती स्थापन केली. संघटनेच्या समन्वयक मिरियम मिरांडा यांनाही सतत धमक्या येतात.

कोर्टकचेरीच्या जोडीने जमिनीवर परत जाऊन बसण्याचा मार्गही चळवळीने धरला. पूर्वेकडील वायेसितो येथील सुमारे १,६०० हेक्टर जमीन कागदोपत्री गारिफुना सहकारी गटांची होती, पण मळेमालक आणि नंतर अमली पदार्थांचे तस्कर तिथे घुसले होते. २०१२ मध्ये गारिफुना कुटुंबांनी ती पुन्हा ताब्यात घेतली आणि नारळाची लागवड सुरू केली. २०२४ मध्ये सरकारने न्यायालयीन निकालांच्या अंमलबजावणीसाठी आयोग नेमला; २०१५च्या निकालांना तोवर आठ वर्षे उलटून गेली होती आणि मुख्य आदेश, म्हणजे जमीन मोकळी करून गावांकडे सोपवणे, बाकीच होता.