आधी रुग्ण, मग पुस्तक: समस्याधारित अध्ययन कुठून आलं?

आधी समस्या समोर ठेवायची आणि ती सोडवता सोडवता विषय शिकायचा, या पद्धतीला समस्याधारित अध्ययन (प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, म्हणजे पीबीएल) म्हणतात. हे नाव आता अभियांत्रिकीपासून बीएस्सीपर्यंत सगळीकडे कानावर येतं. त्याचा जन्म मात्र वैद्यकीय शिक्षणातला. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरी मॅकमास्टर विद्यापीठाने नवं वैद्यकीय महाविद्यालय काढायचं ठरवलं आणि १९६५ मध्ये जॉन इव्हान्स त्याचे पहिले अधिष्ठाता झाले. त्या काळची रीत ठरलेली होती: सुरुवातीची वर्षं शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन यांची व्याख्यानं ऐकायची आणि रुग्ण नंतर पाहायचा. वॉर्डात पोचेपर्यंत पाठ केलेलं बरंचसं उडून गेलेलं असे. इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी हा क्रमच उलटा केला. १९६९ मध्ये २० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, मोजकी व्याख्यानं, छोटे गट आणि प्रत्येक गटाजवळ एक ट्यूटर.

या पद्धतीला घाट दिला तो हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने. निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवण्याचा प्रयोग त्यांनी १९६३ मध्येच अमेरिकेत केला होता. मॅकमास्टरला आल्यावर त्यांनी रुग्णाची अख्खी केस पत्त्यांच्या जोडात बसवली. विद्यार्थ्याने काय विचारायचं, कोणती तपासणी करायची ते ठरवून तो पत्ता उचलायचा. मागे उत्तर किंवा निष्कर्ष. पुढचा पत्ता कोणता, हे सांगायला कुणी नाही. आपल्याला काय ठाऊक नाही हे इथे आपोआप उघडं पडतं आणि मग माणूस पुस्तकाकडे वळतो. माझ्या मते पीबीएलचं सगळं मर्म या क्रमात आहे. धडा शिकवून झाल्यावर शेवटी दिलेलं अवघड उदाहरण म्हणजे पीबीएल नव्हे, आणि नेमकी तीच गल्लत सर्रास होते.

पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने १९७४ मध्ये आपलं वैद्यकीय शिक्षण याच पायावर उभारलं, ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलने १९७८ मध्ये. १९८५ मध्ये हार्वर्डनेही आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात ही पद्धत घेतली आणि तिला प्रतिष्ठा मिळाली.

पण साध्या पदवीच्या वर्गाचं काय? तिथे शंभर मुलं आणि एक शिक्षक. गटागणिक ट्यूटर कुठून आणणार? या प्रश्नावर खरी मेहनत घेतली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने, १९९० च्या दशकात. भौतिकशास्त्राच्या बार्बरा डच, जीवशास्त्राच्या डेबोरा ॲलन, जीवरसायनाचे हॅरोल्ड व्हाइट या प्राध्यापकांनी शिक्षकाला गटागटांतून फिरतं ठेवलं आणि तोच विषय आधी शिकलेल्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना गटात बसवलं. व्हाइट यांच्या वर्गात पाठ्यपुस्तकाऐवजी रक्ताच्या रंगावरचा जॉर्ज स्टोक्स यांचा १८६४ चा शोधनिबंध समोर यायचा. त्यात ‘प्रोटोसल्फेट ऑफ आयर्न’सारखी नावं येतात. आजचं फेरस सल्फेट ते हेच, हे शोधावं लागतं. आणि लालभडक रक्त जांभळट का होतं हे समजून घेताना ऑक्सिजन, लोह, हिमोग्लोबिन सगळं ओघाने येतं. प्राध्यापकांना ही पद्धत शिकवण्यासाठी विद्यापीठाने १९९७ मध्ये स्वतंत्र संस्थाच काढली.

परिणामांचा हिशेब सरळ नाही, आणि तो लपवूही नये. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या आढाव्यांत पीबीएलचे विद्यार्थी रुग्णासमोर सरस किंवा बरोबरीचे दिसले, अभ्यासात जास्त रमलेलेही. मूलभूत विज्ञानाच्या परीक्षेत मात्र काही ठिकाणी मागे. खुद्द मॅकमास्टरचे विद्यार्थी डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेत अडखळू लागले, तेव्हा १९९२ पासून तिथे ठरावीक अंतराने घेतली जाणारी प्रगती चाचणी आली. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शैक्षणिक मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी कडक आक्षेप घेतला: नवख्या विद्यार्थ्याला पुरेशा मार्गदर्शनाशिवाय सोडलं तर त्याच्या स्मृतीवर नको तितका ताण येतो. समर्थकांचं उत्तर होतं की नीट चाललेल्या पीबीएलमध्ये मार्गदर्शन भरपूर असतं. मला ते पटतं, पण त्यातला ‘नीट’ हा शब्द फार महाग आहे. ट्यूटर तयार करायला वेळ आणि पैसा लागतोच.

भारतात एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम २०१९ मध्ये लागू झाला. त्यात पहिल्या वर्षापासून रुग्णांशी ओळख, स्वयंअध्ययनाचे तास आणि छोट्या गटांतलं शिक्षण आलं. आपल्या महाविद्यालयांत मात्र एकेका वर्गात दीडशे, काही ठिकाणी अडीचशे मुलं असतात. म्हणून मॅकमास्टरपेक्षा डेलावेअरची व्यवस्था, वरच्या वर्गातल्या मुलांना ट्यूटर करण्याची, आपण आधी अभ्यासायला हवी.