प्रेशर वॉशर: जोर दाबाचा, ताबा अंतराचा

घरगुती प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने मळ काढणारं मशिन, नळापेक्षा जास्त पाणी फेकतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो कमी फेकतो. बागेतला साधा पाइप मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज सोडतो. विजेवर चालणाऱ्या लहान वॉशरमधून मिनिटाला ५ ते ८ लिटरच बाहेर येतं. तरीही पाइपाच्या धारेला दाद न देणारं फरशीवरचं शेवाळ या थोड्या पाण्याने सोलून निघतं.

नळातल्या पाण्याला साधारण २ ते ४ बार दाब असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा). वॉशरची मोटर एक तिरकी चकती फिरवते, चकती छोटे दट्टे आळीपाळीने आत ढकलते आणि पाण्याचा दाब १०० बारच्या घरात जातो. समुद्रात एक किलोमीटर खोलीवर असतो तेवढा! एवढं दाबलेलं पाणी हातातल्या गनच्या टोकावरच्या तोटीच्या, म्हणजे नोझलच्या, जेमतेम एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून मोकळ्या हवेत सुटतं आणि दाबातली ऊर्जा वेगात उतरते. १०० बारला हा वेग सेकंदाला सुमारे १४० मीटर भरतो, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. घर्षणात थोडा वेग जातो, पण उरतो तोही कमी नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी या वेगाने निघतं तेव्हा गन जवळपास दीड किलो वजनाइतक्या बळाने मागे रेटते. जमिनीवर पाय रोवून, दोन्ही हातांनी धरली तर हा धक्का फारसा जाणवत नाही. शिडीवर मात्र तेवढ्याने तोल जातो, म्हणून शिडीवर चढून वॉशर वापरूच नये.

हा जोर आवरायचं खरं साधन मशिनवर नसून तुमच्या हातात आहे: नोझलचा कोन (झोत किती पसरतो ते) आणि पृष्ठभागापासूनचं अंतर. २५ अंशांचं नोझल ३० सेंटिमीटरवरून सुमारे १३ सेंटिमीटर रुंद पट्टा धुतं, ४० अंशांचं २२ सेंटिमीटर. अंतर दुप्पट केलं की पट्टाही दुप्पट रुंद होतो आणि तेवढाच जोर दुप्पट जागेत वाटला जातो. शिवाय वाटेत हवा झोताचे थेंब फोडते. उलट, जवळ गेलात तर जोर झपाट्याने वाढतो. म्हणून सुरुवात नेहमी ६० सेंटिमीटरवरून, एखाद्या कोपऱ्यात, रुंद नोझलने करावी. मळ निघेपर्यंत हळूहळू जवळ यावं आणि तिथेच थांबावं. याहून जवळ गेल्यास लाकडाचे तंतू उभे राहतात, फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट उडतं, रंगाचे पापुद्रे निघतात. गाडीच्या टायरची बाजू तर आतून दुखावते आणि वरून काहीच दिसत नाही. शून्य अंशांचं नोझल, जे बहुतेक संचांत लाल असतं, ते घरकामात लागतच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर कोणतंच नोझल चालवू नये. त्यातले घातक तंतू मोकळे होतात.

आता माणसाच्या अंगाबद्दल. कातडी भेदायला ७ बारच्या आसपासचा दाब पुरतो आणि इथे त्याच्या कितीतरी पट आहे. झोत बोटाला लागला तर वर दिसते ती टाचणी टोचल्याएवढी खूण. फारसं रक्त नाही, कधी सुरुवातीला वेदनाही नाही. पण आत पाणी, साबण आणि जंतू स्नायूंच्या थरांमधून दूरवर घुसलेले असतात. अशी जखम घरी मलमपट्टी करून सोडायची नाही. लगेच रुग्णालयात जायचं आणि ‘प्रेशर वॉशरचा झोत आत गेलाय’ असं नेमकं सांगायचं, कारण नुसती जखम पाहून डॉक्टरांनाही ती किरकोळ वाटू शकते. यासाठीच बंद बूट आणि बाजूनेही झाकणारा चष्मा हवा. चपला घालून पायाजवळची फरशी धुणं फार धोक्याचं. मुलं आणि पाळीव प्राणी त्या भागात नसावेत.

जोडणी करताना आधी नळ पुरा पडतो का ते पाहावं. मशिनला मिनिटाला ६ लिटर लागत असतील तर १० लिटरची बादली १०० सेकंदांच्या आत भरली पाहिजे. पाणी कमी पडलं की पंपात वाफेचे बुडबुडे तयार होतात, ते फुटताना धातू आणि सील झिजवतात. पाणी जिथे आत येतं तिथली जाळी कचऱ्याने भरली तरी हेच घडतं. मग नळ पूर्ण सोडावा आणि मोटर बंद असतानाच ट्रिगर दाबून धरावा. आधी फुरफुरत, तुटक पाणी येतं. सलग धार लागली की हवा निघाली. आता स्विच चालू करायला हरकत नाही.

वीज आणि पाणी एकत्र असल्याने ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) संरक्षण असलेलाच प्लग पॉइंट वापरावा. एक्स्टेन्शन बोर्ड शक्यतो टाळावा. नाइलाज असेल तर जाड तारेची, बाहेर वापरण्याजोगी वायर घ्यावी, गुंडाळी पूर्ण उलगडावी (गुंडाळलेली वायर दीड-दोन किलोवॅटच्या मोटरला तापते) आणि जोड जमिनीपासून उंच, कोरडा ठेवावा. पेट्रोलवर चालणारं मशिन बंद जागेत, अगदी दार उघडं ठेवूनही, चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

काम संपलं की स्विच बंद, मग नळ बंद. पण पाइपात दाब अजून तसाच कोंडलेला असतो, आणि बंद मशिनची गनसुद्धा एक फटका मारू शकते. जमिनीकडे रोखून ट्रिगर दाबावा, झोत विरेपर्यंत धरावा, नंतरच पाइप सोडवावा आणि ट्रिगरची कडी लावावी. जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो तिथे पंपातलं पाणीही काढून टाकावं. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि पंपाला चीर पाडतं.