स्कूटरला पाठ झालेली वाट

गेल्या माघात भाच्याची मुंज होती, इथेच इंदुरात, टिळकनगरला. रामबागेतून निघालो. मागे बायको, तिच्या मांडीवर आहेराची पिशवी. गप्पांच्या नादात गाडी थांबवली तर समोर राजवाडा, सातही मजल्यांसकट. मागून आवाज आला, "अहो, मुंज काय राजवाड्यात ठेवलीय?"

टिळकनगर बरोब्बर उलट्या दिशेला. पण माझं ऑफिस शीतलामाता बाजारात. जेल रोड, कृष्णपुऱ्याचा पूल, राजवाडा ही वाट मी अकरा वर्षं रोज धरतोय. त्या सकाळी गाडी मी चालवतच नव्हतो, सवय चालवत होती. बायकोला हे शास्त्रीय भाषेत समजावून पाहिलं. उपयोग झाला नाही.

तरी शास्त्र खरं आहे. रस्ता शोधण्याचं काम मेंदूत दोन निरनिराळ्या खात्यांकडे असतं. कानशिलाच्या आतल्या बाजूला हिपोकॅम्पस नावाचा वळणदार भाग आहे. तो जागेचा नकाशा मांडतो. राजवाडा इकडे, नदी तिकडे, म्हणजे मधे कुठेतरी बोळ निघणारच, असला हिशेब त्याचा. दुसरं खातं मेंदूत खोलवर, कॉडेट नावाच्या गाठीत. त्याला नकाशाशी देणंघेणं नाही. पूल आला की सरळ, चौक आला की डावीकडे, एवढंच ते जाणतं. पण ते न थकता करतं आणि तुम्हाला गप्पा मारायला मोकळं सोडतं.

या दोघांत कारभार कसा हातबदल होतो, हे १९९६ साली मार्क पॅकार्ड आणि जेम्स मॅगॉ यांनी उंदरांवर दाखवलं. अधिकच्या चिन्हासारखा चार फाट्यांचा मार्ग. उंदराला रोज एकाच फाट्यावर सोडायचं, खाऊ कायम एकाच बाजूच्या फाट्यात. आठव्या दिवशी उंदराला मुद्दाम समोरच्या टोकाकडून सोडलं. बहुतेक उंदीर खाऊच्या जागेकडेच गेले, म्हणजे नेहमीच्या उलट वळले. त्यांच्याकडे नकाशा होता. आणखी आठवडाभर तीच रपेट झाल्यावर, सोळाव्या दिवशी, पुन्हा समोरून सोडलं. आता बहुतेकांनी नेहमीचं वळण घेतलं आणि ते रिकाम्या फाट्यात पोचले. मुंजीला निघून राजवाड्याला पोचावं, तसेच.

इथवर काही फार नवल नाही. नवल पुढे आहे. सोळाव्या दिवशी काही उंदरांच्या कॉडेटमध्ये लिडोकेन टोचून तो भाग तेवढ्यापुरता बधिर केला. दात काढताना डेंटिस्ट हिरडीत देतो तेच औषध. सवय झोपली, आणि हे उंदीर पुन्हा नीट खाऊच्या जागेकडे गेले! म्हणजे नकाशा पुसला गेलेला नव्हताच. सवयीच्या खाली दाबून पडला होता.

आमच्या बाबतीत लिडोकेनचं काम जेसीबीने केलं. पावसाळ्याच्या तोंडावर जेल रोडच्या नाक्यावर रस्ता खोदलेला, पत्रे लावलेले. एक-दोन दिवस मी पत्र्यांपर्यंत जाऊन चरफडत परत फिरलो (सवयीला पाटी वाचता येत नाही). मग मल्हारगंजाच्या अंगाने वळसा घालून इतवारिया बाजारात शिरलो आणि तिथून अंदाजाने बोळाबोळांतून. एका ओट्यावर भाजी निवडणाऱ्या आजी म्हणाल्या, "इकडून गाडी नाही निघायची हो, मागे वळा, दुसऱ्या बाखलीतून जा." बाखल म्हणजे आपला बोळ किंवा आळी. हा शब्द इंदुरी मराठीत इतका मुरलाय की पुण्याचा पाहुणा 'बखर'च ऐकतो.

त्या बाखलीतून बाहेर पडलो तो सराफ्यात. सकाळचे पावणेदहा. सराफा मला कळत्या वयापासून ठाऊक आहे, पण रात्रीच्या खाऊगल्लीचा: गराडू, भुट्ट्याचा कीस, जलेबा, खांद्याला खांदा. सकाळी तिथे जवळजवळ शांतता होती. एका बंद शटरपुढे एक बाई उकिडवी बसून पायरीच्या फटीत ब्रश घासत होती. फटीतली धूळ सुपलीत, सुपलीतली पत्र्याच्या डब्यात, मग पुढची फट. एकही फट सुटत नव्हती. सोनारांच्या दुकानांतून उडालेले, चपलांना चिकटून बाहेर आलेले सोन्याचे कण त्या धुळीत असतात. धूळ धुऊन ते वेगळे काढणारे हे झारेकरी. मी विचारलं, मिळतं का काही? ती मान वर न करता म्हणाली, "खर्चा निकल जाता है, भिया."

पन्नास वर्षांत हे दृश्य मी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि माझं ऑफिस तिथून चार मिनिटांवर आहे.

१९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिपोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या की ज्या ठरावीक जागी उंदीर आला तरच चमकतात. एक पेशी या कोपऱ्याची, दुसरी त्या दाराची. २००५ मध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला शेजारच्या भागात आणखी चमत्कारिक पेशी मिळाल्या: उंदीर फिरतो तेव्हा त्यांच्या चमकण्याच्या जागांची मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी उमटते. आलेखाचा कागदच म्हणा. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. मला मात्र जास्त भावतो तो एक वेगळाच तपशील. जागा तीच ठेवून भिंतींचा आकार किंवा रंग बदलला, तर बऱ्याचदा ओकीफ यांच्या त्या जागेच्या पेशींची मांडणीच बदलते. मेंदू जुना नकाशा दुरुस्त करत बसत नाही, दुसरा काढतो. रात्रीचा सराफा आणि सकाळचा सराफा माझ्या डोक्यात दोन वेगळ्या पानांवर असतील, असा माझा कयास आहे. प्रयोग कुणी केलेला नाही.

मोबाइलवर वाट विचारत गेलो असतो तर? लंडनमधल्या एका गटाने २०१७ साली २४ जणांना सोहो भागातल्या गल्ल्यांच्या चित्रफितीतून फिरवत त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. स्वतः वाट काढताना ते नव्या रस्त्यावर वळले की हिपोकॅम्पसमधली हालचाल उसळायची, आणि पुढे जितके फाटे जास्त तितकी जास्त. तेच लोक यंत्राच्या सूचनेवर वळत तेव्हा ही उसळी नव्हतीच. निवड करायची नसेल तर नकाशाखात्याला बोलवायचं कशाला? भाजी निवडणाऱ्या आजींनी विचारात पाडलं, ते यंत्राने पाडलं नसतं.

मनःस्थितीचंही मोजमाप झालंय. न्यूयॉर्क आणि मायामीतल्या १३२ जणांचा मोबाइलवरून काही महिने माग काढला. ज्या दिवशी भटकंतीत जास्त वैविध्य, त्या दिवशी लोक जास्त प्रसन्न असल्याचं सांगत. मन बरं असेल तेव्हाच माणूस जास्त हिंडतो, हाही अर्थ निघू शकतो, म्हणून या निष्कर्षाला मी फार हारतुरे घालणार नाही.

वाट बदलायला लावण्याचा सर्वांत बहारदार प्रयोग आमच्या इंदुरातच होऊन गेलाय, शंभर वर्षांपूर्वी. पॅट्रिक गेडेस हा स्कॉटिश माणूस, मूळचा जीवशास्त्रज्ञ, होळकर दरबारासाठी नगररचनेचा अहवाल करायला आला होता. अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. तेव्हा शहरात प्लेग. गेडेसच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय की दिवाळीच्या एका दिवसापुरता त्याला महाराजांचा अधिकार मिळाला. मिरवणुकीचे मार्ग परंपरेने ठरलेले. त्याने जाहीर केलं की मिरवणूक ठरल्या मार्गाने जाणार नाही, ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत जास्त झाडून-पुसून डागडुजी केलेली दिसतील, तिथून जाईल. लोक झाडू घेऊन बाहेर पडले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा एक अवाढव्य पुतळाही होता. इंदूरच्या स्वच्छतेची हल्लीची कौतुकं ऐकताना मला तो उंदीर आठवतो.

सक्तीने बदललेली वाट टिकते का, याचा हिशेब लंडनमध्ये लागला. फेब्रुवारी २०१४ मध्ये दोन दिवस भुयारी रेल्वेचा संप होता. कित्येक स्थानकं बंद, लोकांना दुसरे मार्ग शोधावे लागले. संप मिटल्यावर अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासी कार्डांच्या नोंदी तपासल्या, तर साधारण ५ टक्के लोक नव्याच मार्गावर राहिले होते. रोजच्यापेक्षा बरी वाट त्यांना वर्षानुवर्षं हाताशी असून सापडली नव्हती. बाकीचे आपले पुन्हा जुन्या गाडीत.

जेल रोडचे पत्रे दिवाळीच्या आधी निघाले. तोवर सराफ्यातली ती बाई मला ओळखायला लागली होती. पत्रे निघाल्याच्या पहिल्या सोमवारी मी ऑफिसच्या खाली गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि मग लक्षात आलं, की आलो ते पुलावरून.