बिग बोर्ड आणि मॉक ड्राफ्ट: भांडण नेमकं कोणत्या यादीवरून?

एप्रिल आला की अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये एकच वाद पेटतो. ‘हा पोरगा सातव्या क्रमांकाचा आहे, तू त्याला अठराव्यावर कसा टाकलास?’ दोघंही तावातावाने बोलतात, दोघांकडे आकडे असतात आणि बरेचदा दोघंही बरोबर असतात. कारण एकाच्या हातात बिग बोर्ड असतो, दुसऱ्याच्या हातात मॉक ड्राफ्ट. दोन्ही याद्यांत नावं तीच आणि क्रमही 1 पासून सुरू, त्यामुळे घोळ होतो.

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंची निवड. 32 संघ, 7 फेऱ्या, आणि गेल्या मोसमात जो सर्वांत खाली राहिला त्याला पहिला मान. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, इथे क्रम बोलतो.

बिग बोर्डमध्ये संघ नसतातच. कोण किती चांगला, एवढंच. बोर्ड करणारा कॉलेजच्या सामन्यांचं फिल्म बघतो, वेग-उंची-ताकद बघतो, दुखापतींचा इतिहास बघतो आणि खेळाडू ओळीने लावतो. आज एखाद्या संघाने नवा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) आणला, तरी बोर्डवरची एकही ओळ हलायचं कारण नाही.

मॉक ड्राफ्ट म्हणजे कोणत्या क्रमांकावर कोणता संघ कोणाला घेईल याची आधीच केलेली यादी. मॉकमध्ये आधी संघ येतो, मग खेळाडू. त्या संघाला काय हवंय, कोणाचा करार संपलाय, प्रशिक्षक बदललाय का, खेळाडूची मैदानातली भूमिका किती मोलाची समजली जाते, हे सगळं त्यात आलं. 2022 सालचा काइल हॅमिल्टन बघा. नोत्र दाम विद्यापीठाचा हा सेफ्टी (बचावात सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू) अनेक बोर्डांवर पहिल्या दहांत होता. पण सेफ्टीला संघ सहसा इतक्या वर घेत नाहीत, त्यात कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, 40 यार्ड धावायला त्याला 4.59 सेकंद लागले. तो 14 वा गेला, बाल्टिमोर रेव्हन्सकडे. म्हणून मॉकमध्ये त्याला खाली ठेवणारा त्याच्या खेळाला कमी लेखत होता असं नाही; तो संघांच्या सवयी वाचत होता. पुढच्याच वर्षी हॅमिल्टन ऑल-प्रो झाला, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात निवडला गेला.

आणि मॉक साखळीसारखा असतो. 2025 मध्ये दुसरी निवड क्लीव्हलँड ब्राउन्सची होती आणि बहुतेकांनी तिथे ट्रॅव्हिस हंटर लिहिला होता. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी ऐनवेळी सौदा करून पाचव्यावरून दुसऱ्यावर उडी घेतली आणि हंटरला उचललं. ब्राउन्स पाचव्यावर गेले, त्यांनी मेसन ग्रॅहम घेतला. एका सौद्याने लोकांचे मॉक विस्कटले. बोर्डवर हंटर होता तिथेच.

खरी गोम पुढे आहे. मॉकही दोन प्रकारचे असतात, आणि चाहत्यांची सर्वांत कडवी भांडणं इथेच होतात. एक, ‘संघ काय करेल’. दुसरा, ‘मी त्या खुर्चीत असतो तर काय केलं असतं’. मला दोन्ही आवडतात, पण आपण कोणता लिहितोय हे वर एका ओळीत सांगायलाच हवं. 2024 चा अटलांटा फाल्कन्सचा आठवा क्रमांक आठवा. मार्चमध्येच त्यांनी क्वार्टरबॅक कर्क कझिन्सशी चार वर्षांचा, 18 कोटी डॉलरपर्यंतचा करार केला होता. त्यामुळे मॉकमध्ये तिथे पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) दिसायचा, बरेचदा डॅलस टर्नर. प्रत्यक्षात नाव पुकारलं गेलं ते क्वार्टरबॅक मायकल पेनिक्सचं. तेव्हा ‘मॉक चुकला’ आणि ‘फाल्कन्स चुकले’ ही दोन वाक्यं एकाच दमात फेकली गेली. पण पहिलं वाक्य अंदाजाबद्दल आहे, दुसरं निर्णयाबद्दल. त्यांचे पुरावेही वेगळे. डिसेंबरमध्ये कझिन्सला बाकावर बसवून पेनिक्सला उतरवलं, तेव्हा दुसऱ्या वाक्यावरचा वाद नव्याने सुरू झाला. पहिल्याचा निकाल मात्र एप्रिलच्या त्या रात्रीच लागला होता.

‘रीच’ (लायकीपेक्षा फार वर घेतलेला खेळाडू) आणि ‘स्टील’ (लायकीपेक्षा फार खाली मिळालेला, म्हणजे लूट) हे शब्दही असेच बेफिकिरीने वापरले जातात. खेळाडू रीच कोणाच्या बोर्डनुसार? क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स 2025 मध्ये 144 वा गेला, पाचव्या फेरीत, ब्राउन्सकडे. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीचे ड्राफ्ट विश्लेषक मेल कायपर त्याला फार वर मानत होते आणि ते टीव्हीवर संतापून बोलले. त्यांच्या बोर्डनुसार ती मोठी लूट होती. पण निवड होते ती संघांच्या खासगी बोर्डांवरून, आणि ते आपल्याला कधीच दिसत नाहीत. ब्राउन्सनी तर सँडर्सच्या आधी, तिसऱ्या फेरीत, डिलन गॅब्रिएल हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला होता. त्यांच्या भिंतीवरचा क्रम यावरून बराचसा कळतो.

म्हणून बोर्डला ड्राफ्टच्या रात्री गुण देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. मॉक तपासायला एक रात्र पुरते, बोर्डला निदान तीन मोसम द्यावे लागतात. 2005 मध्ये ग्रीन बे पॅकर्सकडे क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह होता, 35 वर्षांचा आणि अजून खेळणारा. गरज बघितली तर क्वार्टरबॅक घ्यायची घाई नव्हती. पण 24 व्या क्रमांकापर्यंत क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्स शिल्लक राहिला आणि पॅकर्सचे जनरल मॅनेजर टेड थॉम्प्सन यांनी त्याला घेतलं. रॉजर्स तीन मोसम बाकावर बसला, 2008 मध्ये मैदानात आला, आणि 2010 च्या मोसमात त्याने पॅकर्सना सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला.