दूध अनुदान : ३५ रुपयांच्या दराची पार्श्वभूमी

२०२४ मध्ये महाराष्ट्रात गायीच्या दुधाला लिटरमागे ३५ रुपये ठरले, डेअरीचा दर आणि सरकारी अनुदान मिळून. आरे कॉलनीच्या काळापासून राज्य सरकार स्वतः दूध विकत घ्यायचं आणि त्या खरेदी दराचा बाजारावर धाक असायचा. १९९१ नंतर खासगी डेअऱ्या वाढल्या, सरकारी संकलन आटत गेलं. दर जाहीर होत राहिले, पण ते पाळायला लावणारा कायदा नव्हता. उसाला एफआरपी (कायद्यानं बांधलेला किमान दर) आहे, दुधाला तसं काही नाही. त्यामुळे २०१७ च्या शेतकरी संपानंतर जाहीर झालेला २७ रुपयांचा दर वर्षभरात अनेक ठिकाणी १७-१८ वर आला.

घसरणीचं मूळ बहुतेक वेळा दूध भुकटीच्या भावात असतं. १०० लिटर गायीच्या दुधातून साधारण पावणेनऊ किलो भुकटी आणि चार किलो लोणी निघतं. भुकटी किलोमागे १०० रुपयांनी पडली की लिटरमागे जवळपास ९ रुपये जातात. २०१८ चं ५ रुपयांचं अनुदान म्हणूनच दूध प्रकल्पांना दिलं गेलं, शेतकऱ्याला २५ रुपये देण्याच्या अटीवर. जानेवारी २०२४ मध्ये पद्धत उलटली आणि ५ रुपये थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यावर जाऊ लागले.

खरा वाद डेअरीनं द्यायच्या किमान दराचा आहे. जानेवारीत तो २७ रुपये होता. जुलैत ३० झाला, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन घटकांच्या) दुधाला; ५ रुपये अनुदान धरून ३५. ऑक्टोबरमध्ये अनुदान ७ रुपये झालं आणि डेअरीचा दर २८ वर आला. बेरीज तीच, ३५. डेअरीचा वाटा जुलैपेक्षा २ रुपयांनी खाली गेला आणि फरक तिजोरीनं भरला. याला शेतकऱ्यासाठीची वाढ म्हणणं धाडसाचं आहे. कपातही बघायला हवी. ३.३/८.३ चं दूध ३.५/८.५ पेक्षा ४ पॉइंट कमी भरतं (०.१ म्हणजे एक पॉइंट). पॉइंटला ३० पैसे कापले तर १.२० रुपये जातात, रुपयानं कापलं तर ४. अकोले तालुक्यात कोतुळला जुलै २०२४ मध्ये दूध उत्पादकांचं धरणं सुरू झालं, तेव्हा मागणी ४० रुपयांची होती.

अनुदानाचे पैसे अडकले ते गायीच्या कानातल्या बिल्ल्यावर (टॅगवर). बारा अंकी टॅग, मालकाचं आधार, बँक खातं आणि डेअरीतला कोड, हे चारही जुळावे लागायचे. टॅग वडिलांच्या नावे आणि खातं मुलाचं असलं की नोंद मागे यायची. बाजारातून आणलेली गाय ऑनलाइन जुन्याच मालकाकडे दिसत राहते. संकलन केंद्रवाल्यानं दहा जणांचं दूध एकाच कोडवर घातलं असेल, तर बाकीच्या नऊ जणांचं दूध नोंदीत यायचंच नाही. गाय घेतल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यातून मालकी बदलून घ्यायची, टॅग गळाला असेल तर नवा मारून जुन्या नोंदीला जोडायचा, आणि दर दहा दिवसांच्या बिलावर आपलाच कोड आहे का ते बघायचं.