ब्रिटिश आर्ट शो : 'ब्रिटिश' म्हणायचं कुणाला?

ब्रिटिश आर्ट शो हे ब्रिटनमधल्या समकालीन कलेचं फिरतं प्रदर्शन. १९७९ साली शेफिल्डमध्ये ते पहिल्यांदा भरलं, तेव्हा शंभराहून अधिक कलावंतांची निवड एकाच माणसाने केली होती, एका दैनिकाच्या कलासमीक्षकाने. १९८४ पासून हे काम दोघं-तिघं मिळून करू लागले. साधारण दर पाच वर्षांनी नवी निवड आणि मग गावोगावचा दौरा, हा क्रम मात्र राहिला. मुक्काम बहुतेक लंडनबाहेरच. पहिल्या नऊ खेपांत राजधानीच्या वाट्याला प्रदर्शन आलं ते दोनदाच, १९९० आणि २०११ मध्ये.

खरा गुंता आहे तो नावातल्या 'ब्रिटिश' या शब्दाचा. २०११ मध्ये लंडनच्या मुक्कामी गाजलेली कलाकृती घ्या. चोवीस तासांचा व्हिडिओ, हजारो चित्रपटांतले घड्याळांचे तुकडे जोडून केलेला. तुमच्या मनगटावर चार वाजून दहा मिनिटं झाली की पडद्यावरही तेवढेच वाजलेले. करणारा अमेरिकेत जन्मलेला, स्वित्झर्लंडमध्ये वाढलेला, तेव्हा लंडनमध्ये राहणारा. त्याला 'ब्रिटिश' प्रदर्शनात घेतलं, आणि ते योग्यच होतं. कलावंत जिथे राहून काम करतो तिथला तो.

पण हा मोकळेपणा आधीच्या पिढीला मिळाला नव्हता. १९८९ मध्ये लंडनच्या ज्या दालनात एक वेगळं प्रदर्शन भरलं, तिथेच काही महिन्यांनी ब्रिटिश आर्ट शो येणार होता. त्या वेगळ्या प्रदर्शनात आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई मुळांचे २४ कलावंत होते, आणि म्हणणं एकच : आम्ही इथेच काम केलं, मग तुमच्या आधुनिक कलेच्या इतिहासात आम्ही का नाही? त्यांत गोव्यातल्या साळगावचा, मुंबईच्या जे. जे.तून काढून टाकलेला आणि १९४९ मध्ये लंडन गाठलेला आपला चित्रकारही होता. हा प्रश्न तेव्हाच ऐकायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

ते वेगळं प्रदर्शन पुढे इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहरातही गेलं. स्थलांतराविरुद्धच्या १९६८ च्या कुप्रसिद्ध भाषणाचा वक्ता याच शहराचा खासदार. कृष्णवर्णीय कलाविद्यार्थ्यांनी १९८२ मध्ये आपलं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरवलं तेही इथेच. त्यामुळे ब्रिटिश आर्ट शोच्या नवव्या खेपेने २०२२ मध्ये इथे येताना 'वेगळेपणासह एकत्र राहणं' हाच विषय धरला, याला वजन होतं. याच खेपेत कलाकृती आणि कलावंतही शहरागणिक बदलत गेले. एकच पेटारा चार ठिकाणी उघडायचा, ही जुनी रीत मागे पडली.

कोविडमुळे लांबलेली ही खेप २०२१ च्या उन्हाळ्यात अ‍ॅबर्डीनहून निघाली आणि मँचेस्टर करून प्लिमथला संपली. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाज ज्या बंदरातून अमेरिकेकडे निघालं, तिथे विषय होता माणसं, वनस्पती आणि वस्तू यांच्या स्थलांतराचा.